तीन नंबरचा ससा अन् माझ्या पोटातलं रगत

लोकं विचारते, मोतीरामजी, तुमी इतकी वर्षं दवाखान्याच्या कॉलेजात होते, तं काम काय करत होते? मी सांगतो, सशाचे कान चोळत होतो. लोकं हासते. त्याईले वाटते मी मजाक करून राहिलो. आता काय सांगावं, सरकार मले खरंच सशाचे कान चोळाचाच पगार देत होतं.

हे लिहून राहिली माझी सून. मी अंगठाछाप. मी बोलतो, ती लिहिते, अन् मधातच थांबून म्हणते, "बाबा, हेबी लिहू का?" मी म्हणतो, लिही. माझी इज्जत गेली ती सत्तरच्या पुढच्या सालातच गेली, आता काय वाचवाची.

आमचं घर कोष्ट्याचं, गोळीबार चौकाच्या मागं. घरात माग, बाप लुगडी विणे. मीबी बसलो मागावर, पण माझ्या हातचा काठ सरळ कधी आला नाही, सापासारखा वाकडा जाये. बापानं एक दिवस लुगडं हातात घेतलं, उजेडात धरलं अन् म्हणाला, "मोत्या, तू दुसरं काही पाह्य गा. सुतानं तुयं काही बिघडवलं नाही." असा मी विणकामातून निघालो अन् वळखीनं कॉलेजच्या जनावरघरात लागलो. साहेबानं एकच विचारलं, सशाले भीत तं नाही? मी म्हटलं, ससा काय भ्याची चीज आहे? पहिल्याच दिवशी ससा आंगठ्याले डसला. जो आंगठा कागदावर लावून नोकरी घेतली, त्यालेच.

आता काम सांगतो, नाहीतं पुढचं समजणार नाही.

आमच्याकडे घाटे मॅडम होत्या. बारीक बांधा, जाड चष्मा, आवाज कधी वर नाही गेला. त्याईचं संशोधन असं होतं. रामटेककडे धानाच्या बांधीत बाया उघड्या पायानं चिखलात काम करते. तिथून पायातून बारीक जंत आंगात शिरते, आतड्याले चिकटते अन् रगत पिते. बाई पांढरी पडत जाते, चार पावलं चालली का धापा टाकते, अन् रगत कुठं चाललं ते दिसत नाही. ते जाते संडासातून, पण इतकं थोडं थोडं का डोळ्याले काही कळत नाही.

ते लपलेलं रगत पकडाले एक औषध होतं. थेंब टाकला का निळं होये. निळं झालं म्हणजे रगत आहे. पण कोणाचं, ते औषध सांगत नव्हतं. आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी निळं. काही भाज्या, मुळा खाल्ला तरी कधी निळं. म्हणून आमच्याकडे नियम होता, नमुना देण्याच्या आधी तीन दिवस मांसमच्छी बंद.

मॅडम म्हणत, "मोतीरामजी, मला अशी गोष्ट पाहिजे जी फक्त माणसाचं रक्त ओळखेल. बकऱ्याचं समोर आलं तर मान फिरवेल."

ते ओळखणारं बनते सशात. रगताले लाल करणारी चीज असते, हिमोग्लोबिन. माणसात असते, बकऱ्यात असते, गाईत असते, पण जराशी येगळी येगळी. माणसाचं हिमोग्लोबिन सशाले टोचलं का सशाच्या आंगाले ते परकं वाटते, अन् ससा त्याच्या विरोधात आपल्या रगतात एक चीज तयार करते. तिले अँटीबॉडी म्हणते. मंग सशाच्या रगतातून ते पिवळं पाणी येगळं काढाचं, तेच आपलं औषध.

टोचण्याच्या आधी हिमोग्लोबिन तेलात घोटाचं. दोन सिरींजा तोंडाले तोंड लावून धराच्या अन् इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत राहाचं. अर्धा घंटा. बोटं मोडून येत. झालं का नाही ते पाहाची रीत म्हणजे, पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकाचा. पसरला तं अजून घोट. गोळी राहिली तं झालं. हे मले मस्त जमे. ज्याचा काठ सरळ नाही आला, त्याचा थेंब पसरला नाही कधी.

अन् हिमोग्लोबिन कोणाचं टोचलं? माझंच. मॅडमनं विचारलं, कोणी धडधाकट माणूस आहे का? मी बाही वर केली. तेव्हापासून मी डिपार्टमेंटचा नॉर्मल माणूस झालो. रगत पाहिजे, बोलवा मोतीरामले. लघवी पाहिजे, बोलवा मोतीरामले. रोग्याचा नमुना तपासला का बाजूले एक नॉर्मल ठेवाचा, म्हणजे फरक कळते. तो नॉर्मल मी. दर सोमवारी सकाळी संडासाची डब्बी घेऊन मी असा ऐटीत येत होतो का जसा काही पेढे वाटाले आलो.

घरी सुमनले, म्हणजे माझ्या बायकोले, सांगतलं का साहेब लोकं मले नॉर्मल म्हणते. ती म्हणाली, "त्याईले घरी आणा एक दिवस."

तं सहा सशे होते. सहाहीले माझंच हिमोग्लोबिन टोचलं, पण सहाचे सहा प्रकार. एकानं काहीच बनवलं नाही, नुसता चारा खाऊन मोठा झाला. चार नंबरचं पाणी इतकं पातळ का काही पकडेच ना. पाच नंबरचं मोठं जोरदार, पण त्याले माणूस, बकरी, गाय सारे सारखेच. आमच्या चौकीवर एक हवालदार होता, गल्लीत भांडण झालं का जो समोर दिसला त्याले आत टाके. तसा पाच नंबर. अन् तीन नंबर, काळ्या कानाचा. ह्याले फक्त माणूस कळे.

हे कळाचं कसं? काचेच्या बशीत अगर ओताचा. अगर म्हणजे चायना ग्रास, ज्याची मिठाई बनते, तेच. थिजलं का त्यात नळीनं भोकं पाडाची, एक मधात अन् बाकी चारी बाजूनं. मधात सशाचं पाणी. बाजूच्या भोकात एकात माणसाचं रगत पातळ केलेलं, एकात बकऱ्याचं, एकात गाईचं, अन् एकात ज्याची तपासणी आहे त्याचा नमुना, पाण्यात कालवून गाळलेला. झाकण लावून दोन दिवस ठेवाचं. दोन्हीकडची चीज जेलीतून हळूहळू एकमेकाकडे सरकते. वळख पटली तं जिथं भेट होते तिथं पांढरी रेघ उमटते, एका सुताएवढी. नाही पटली तं काही नाही.

मले ह्या रेघेचं याड लागलं होतं. दोन दिवस थांबा म्हटलं तरी मी दर घंट्यानं झाकण उघडून पाहे. मॅडम म्हणत, "मोतीरामजी, ती दूध नाही उतू जायला."

बकऱ्याचं रगत मी खाटकाकडून बाटलीत आणे. बाटलीत आधीच औषध टाकलेलं, म्हणजे गोठणार नाही. खाटीक दर वेळेस विचारे, "कॉलेजसाठी नेतो म्हणते, खरं सांगा, घरी रक्ती करून राहिले ना?" मी म्हणे, नाही गा, संशोधन आहे. अन् त्याचं मन राखाले रविवारी खरंच रक्तीसाठीबी घेऊन जाये. रक्ती म्हणजे बकऱ्याचं रगत गोठवून, कांदा अन् आमचा काळा मसाला टाकून परतलेलं. माझा साळा देविदास, तोबी विणकर, बाजूच्याच गल्लीत राहे, त्याच्या घरी दर रविवारी बैठक. खाल्ल्यावर नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, अन् तरी हात थांबत नाही.

तुमच्या ध्यानात आलं असंल. रविवारी रक्ती, सोमवारी डब्बी.

वर्षभर कोणाले काही कळलं नाही, कारण मॅडम माझा नमुना निळ्याच्या औषधानं तपासतच नव्हत्या. नॉर्मल माणसाले काय तपासाचं? नुसता बशीत ठेवत. अन् तीन नंबरची पहिली बाटली अजून पातळ होती, रेघा फिक्या येत, माझ्या भोकाजवळ काही दिसे ना दिसे. मॅडमनं ठरवलं, तीनले अन् पाचले परत एकदा टोचू, जोरदार पाणी येऊ द्या. अन् तोवर साऱ्या नमुन्याले निळ्याचं औषधबी लावून ठेवू.

त्या सोमवारी माझी डब्बी निळी झाली. कशी निळी, तं मोराच्या मानेसारखी.

"मोतीरामजी, मटण खाल्लं होतं का?"

"नाही मॅडम."

आता हे मी काहून म्हटलं? वर्षभर दर सोमवारी वहीत आंगठा लावला होता, तीन दिवस काही खाल्लं नाही म्हणून. एका सोमवारचं कबूल केलं असतं तं बाकीचे सोमवार लायनीनं उभे राहिले असते. नोकरीची भीती होतीच. अन् खरं सांगू का, नॉर्मल माणसाची गादी सोडवत नव्हती.

दुसऱ्या सोमवारी निळं. तिसऱ्या सोमवारी निळं. मॅडमचा चेहरा उतरला. त्याईनं मोठ्या साहेबाले सांगतलं, साहेबानं मले सर्जनकडे पाठवलं. सर्जननं पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढून पाह्यली, म्हणे फिक्कट आहे. विचारलं, वजन कमी झालं का? मी म्हटलं, माझं वजन कधी होतंच नाही साहेब. तो हासला नाही. म्हणे, आत कुठं तरी रक्त जाऊन राहिलं, उघडून पाहावं लागेल. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी भरती व्हा.

घरी सांगतलं. सुमन चुलीपाशी बसली होती. ती उठली अन् माझ्या पोटाले हात लावून पाहाले लागली, जसं काही तिले वरून कळणार होतं. मंग म्हणाली, "अन् ती रक्ती? तुमी डाक्टरले सांगतलं का रक्तीचं?"

"सांगतो ना वं."

"कधी सांगता? पोट उघडल्यावर त्याईले आपोआप दिसंल म्हणता?"

मी डाक्टरले सांगतलं नाही. मले एक हुशारी सुचली होती. मी मनात म्हटलं, तीन नंबर कशासाठी आहे? त्याले बकऱ्याचं रगत कळत नाही. मॅडम नवीन जोरदार पाणी लावतील, माझ्या भोकापुढं रेघ येणार नाही, मॅडम म्हणतील हे रगत माणसाचं नाहीच, अन् मी सुटलो. रक्तीचं नाव कोणाले कळाचं कारण नाही. तीन नंबर माझा वकील.

त्या आठवड्यात तीन अन् पाच, दोघाईचं रगत काढलं. सशाच्या कानावर झायलॉल नावाचं झोंबणारं औषध चोळाचं, जवळ बल्ब धराचा, शीर फुगते, मंग बारीक चीर देऊन नळीत थेंब थेंब घ्याचं. रगत गोठलं का वरचं पाणी येगळं काढाचं अन् नळी गरम पाण्यात अर्धा घंटा बुडवून ठेवाची.

ह्या नळ्याईवर आधी कागद चिटकवत. गरम पाण्यात कागद सुटून जाये. तेव्हा मीच तोडगा काढला होता. कागद कशाले, म्हटलं, नळीच्या गळ्याले सूत बांधा. एक नंबर पांढरं, दोन हिरवं, तीन लाल, चार काळं, पाच पिवळं, सहा निळं. मले नंबर वाचता येत नाही, पण कोष्ट्याच्या पोराले रंग सांगाव लागत नाही. मॅडमले इतकं आवडलं का त्याईनं मोठ्या साहेबापुढं माझं नाव घेतलं अन् भिंतीवर रंगाचा तक्ता लावला. लुगड्याच्या काठाचं उरलेलं सूत मी देविदासकडून आणे.

त्या खेपेले लाल संपलं होतं. देविदासकडे नवीन लाल लडी पडली होती. मी तोडाले हात घातला तं तो म्हणाला, "भाऊजी, हे नका नेऊ. ह्याचा रंग अजून पक्का नाही बसला, धुतला का सुटते."

मी म्हटलं, "मले काय लुगडं नेसाचं आहे?"

अर्ध्या घंट्यानं गरम पाण्यातून नळ्या काढल्या. पाणी गुलाबी. लाल सुताचा रंग उतरून गेलेला, अन् पिवळ्यानं तो पिऊन घेतलेला. दोन्ही सूत एकसारखे नारिंगी. आतलं पाणीबी एकसारखं पिवळं. मी दोन्ही नळ्या हातात धरून खिडकीशी उभा राहिलो. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं, वास घेतला. चार पिढ्या आमच्या घरात रंग, बाप जिवंत असता तं ह्या एका गोष्टीसाठी त्यानं मले घरातून काढलं असतं.

मंग एक नळी मले जराशी तीनसारखी वाटली. तिले पक्क्या लालचा जुना तुकडा शोधून बांधला, दुसरीले पिवळा. अन् देवाचं नाव घेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवल्या.

सर्जननं शुक्रवार सांगतला होता. त्याच्या आधीच्या शनिवारी मॅडमनं लाल सुताची नळी घेऊन बशी लावली. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. जनावरघर ते लॅब, लॅब ते जनावरघर. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला का थुंकून पुन्हा दुसरा. सोमवारी सकाळी मी माझी डब्बी ठेवली अन् मॅडमच्या खांद्यामागं जाऊन उभा राहिलो.

माझ्या भोकापुढं रेघ. माणसाच्या भोकापुढं रेघ. बकऱ्यापुढं रेघ. गाईपुढंबी रेघ. बशीत चहूकडून रेघा.

मले तेव्हाच समजलं का वकिलाच्या जागी हवालदार उभा राहिला.

मॅडमले कसं समजंल? त्या म्हणाल्या, "तीन बिघडला. दुसऱ्यांदा टोचलं की कधी कधी असं होतं. ससा जास्त शिकतो आणि मग सगळ्यांनाच पकडायला लागतो." आवाज तोच, हळू. "वर्ष गेलं त्याच्यावर. आता पाचच्याच पाण्यातून बकरी-गाय पकडणारं काढून टाकून ते साफ करून पाहू. उद्या तीनचं सगळं रक्त काढून घ्या, पिंजरा मोकळा करा."

सगळं रगत काढून घ्या म्हणजे काय, ते जनावरघरातल्या माणसाले सांगाव लागत नाही. त्याच्यानंतर ससा उरत नाही.

त्या दिवशी मी जेवलो नाही. सुमन म्हणाली, पोटाची भीती वाटते का? मी म्हटलं, हो. खरं तं तीन गोष्टी एकदम डोक्यात होत्या. माझं पोट उघडणार होते, त्यात काही नव्हतं. तीनले मारणार होते, त्यानं काही केलं नव्हतं. अन् मॅडम चांगला ससा टाकून हवालदाराले साफ करत बसणार होत्या. तिन्हीची किल्ली माझ्याच तोंडात, अन् तोंडात खर्रा.

मंगळवारी तीनले काखेत घेऊन लॅबमंदी गेलो. टेबल तयार होतं. मॅडम म्हणाल्या, "ठेवा त्याला."

मी ठेवलं नाही.

"ठेवा ना, मोतीरामजी."

"मॅडम, ह्यानं काही केलं नाही."

"कोणी काही केलंय असं मी म्हणत नाही. तो..."

"मी केलं." मंग सारं सांगतलं. लडी, देविदास, गुलाबी पाणी, दोन्ही सूत नारिंगी.

मॅडमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मग लाल दोरा कोणत्या नळीला बांधला?"

"एक जराशी तीनसारखी वाटली."

"नळी तीनसारखी वाटली."

"हो जी."

ससा माझ्या काखेत पाय झाडून राहिला होता. मंग विचारलं, "अजून काही?"

आता त्याईनं हे का विचारलं, मले आजही माहीत नाही. माझं तोंडच तसं झालं असंल. मी रक्तीचंबी सांगून टाकलं.

"म्हणजे तिन्ही सोमवारी?"

"चार, मॅडम."

"तिसऱ्या सोमवारनंतर तर तुम्हाला सर्जनकडे पाठवलं."

"हो, पण त्याच्यानंतरबी एक रविवार आला ना."

मॅडम माझ्याकडे पाहतच राहिल्या. "पोट उघडून घ्यायला तयार झालात, पण मटण खाल्लं म्हणून सांगवलं नाही तुम्हाला?"

"मटण नाही मॅडम, रक्ती."

त्या हासल्या नाही. रागावल्याबी नाही, रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. हात धुतले, म्हणाल्या, "कान पुढे करा त्याचा." तीनच्या कानातून त्याईनं स्वतः रगत घेतलं, पाणी स्वतः काढलं, नळीले सूत नाही, कागद नाही, मुठीत धरून ठेवली. अन् कालची माझी डब्बी थंड्या कपाटातून काढली. "ह्यात बकऱ्याचं आहे हे आता तुम्हीच सांगितलं. तीन जर खरंच चांगला असेल तर ह्याच्यापुढे रेघ येणार नाही. तुमचीही परीक्षा आणि त्याचीही."

मंगळवारी बशी लागली. मी झाकण उघडलं नाही. दोन दिवस सहा पिंजरे इतके धुतले का सशाईले सर्दी झाली. मनातून मी मोकळा होतो. खोटं बाहेर पडलं होतं, नोकरी जाईल तं जाईल, पण पोट तं वाचलं.

गुरुवारी मॅडमनं बशी खिडकीशी नेली. "बकरा, काही नाही," म्हणाल्या. "गाय, काही नाही. माणूस, रेघ." मी म्हटलं, वा रे माझ्या तीन. "तुमचा नमुना..." अन् थांबल्या.

रेघ होती. सुताएवढी, पांढरी, स्वच्छ.

मी म्हटलं, "बशी उलटी धरली असंल."

त्याईनं बशी माझ्या हातात दिली. बाजूच्या भोकात माणसाचं रगत होतं, त्याच्यापुढची रेघ अन् माझ्यापुढची रेघ टोकाले एकमेकीत मिळून गेल्या होत्या. कुठं जोड दिसत नव्हता. मी वर्षभर बशा पाहत होतो, त्याचा अर्थ मले कोणी सांगाव लागत नव्हता. हे अन् ते एकच.

"म्हणजे रगत माझं?"

"तुमचं. बकऱ्याचं असेल ते असेल, ते ह्या बशीत दिसतच नाही. पण तुमचंही आहे, मोतीरामजी."

चार सोमवार मी खोटं बोललो का रगत माझं नाही, अन् त्याच्याखाली खरंच माझं रगत जाऊन राहिलं होतं. रक्ती लपवता लपवता मी ते लपवून ठेवलं होतं, अन् मलेच माहीत नव्हतं.

मॅडम बशी रुमालात गुंडाळून सर्जनकडे गेल्या. मी मागं मागं. त्याईनं सांगतलं, पोट उघडण्याआधी खालून नळी टाकून पाहा. वरचं, जठरातलं रक्त असतं तर पचून गेलं असतं, अँटीबॉडीला ओळखू आलं नसतं. हे ओळखू येतंय, म्हणजे खालचं आहे. सर्जन मोठा माणूस, त्याले कोणी सांगितलेलं आवडत नसे. पण बशी उजेडात धरून त्यानं दोन-तीन मिनिटं पाह्यलं अन् म्हणाला, बरं.

शुक्रवारी नळी टाकली. ते कसं असते हे सूनबाई लिहिणार नाही म्हणते, तं जाऊ द्या. एवढंच सांगतो, ज्यानं आयुष्यभर सशाईले आडवं धरून ठेवलं, त्याले त्या दिवशी चौघाईनं धरलं. मोठ्या आतड्याच्या टोकाले बोराएवढी गाठ निघाली, देठावर लटकलेली. तिथंच तारेत पकडून, जाळून काढली. तपासाले पाठवली, साधी निघाली. डाक्टर म्हणाला, अजून चार-पाच वर्षं राहिली असती तं साधी राहिली असती का, सांगता येत नाही.

मी परत कामावर गेलो तेव्हा मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. वर्षभराचं काम. ज्या ज्या पानावर नॉर्मल म्हणून मी होतो, त्या पानावर आडवी लाल रेघ मारून राहिल्या होत्या. जवळपास सारीच पानं. मी दारात उभा. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ससा निवडताना आपण सहा-सहा वेळा तपासला. माणूस एकदाही नाही तपासला. ती चूक माझी." मले ते शब्द अजून टोचते. त्याईचं काम त्यानं एक वरीस मागं गेलं, अन् त्या म्हणत राहिल्या, चूक माझी. नोकरी माझी राहिली. मोठ्या साहेबाले सुताची गोष्ट मॅडमनं सांगतलीच नाही. नॉर्मलसाठी आता पाच माणसं घेतली, पाचहीले आधी तपासून. सूत बंद झालं. नळीवर काचेच्या पेन्सिलीनं नंबर, अन् मले सहापर्यंत आकडे मॅडमनं शिकवले. पुढचे शिकलो नाही. सशे सहाच होते.

दीड महिन्यानं मॅडम म्हणाल्या, "तुमचा नमुना आणा. गाठ गेली की नाही, बघू." सुमननं चार दिवस माझ्यावर असा पहारा ठेवला का देविदास गल्लीतून गेला तरी ती दार लावून घे. डब्बी दिली. तीनच्या कानातून रगत घेऊन पाणी काढलं. बशी लागली.

दोन दिवसानं मॅडमनं बशी खिडकीशी नेली. माणसापुढं रेघ. बकऱ्यापुढं काही नाही. माझ्यापुढं काही नाही. जेली साफ, पाण्यासारखी.

"आली नाही रेघ," मॅडम म्हणाल्या. "बरे झालात."

ज्या रेघेसाठी मी वर्षभर झाकणं उघडली, ती नाही आली म्हणून मले खुश व्हाले पाहिजे होतं. मी बशी घेतली, उजेडात धरली, तिरपी धरली, डोळ्याजवळ नेली.

"मॅडम, अजून एक दिवस ठेवा ना."

त्याईनं ठेवली. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी म्हटलं, अजून एक. तिसऱ्या दिवशी अगर काठानं वाळून वर उचलला होता.

"आता ह्यात काहीच येणार नाही, मोतीरामजी."

"मंग दुसरी बशी लावून पाहू," मी म्हटलं.

मॅडमनं माझ्याकडे पाह्यलं, घड्याळाकडे पाह्यलं, अन् अगर गरम कराले ठेवला.